घ घराचा

आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत, त्यांना लहानथोर सगळे वेलांटीकाका म्हणतात. हे नाव मी ठेवलं, तेव्हा पापाची धनीणही मीच. झालं असं की, चर्चच्या दाराशी असलेल्या फळ्यावर मी चांगल्या ठळक अक्षरात एक सूचना लिहून लावली होती: "मुलांनी खिडकित बसु नये." पुढच्या रविवारी बघते तर कुणीतरी लाल पेनानं 'खिडकित'मधल्या 'कि'ची पहिली वेलांटी काढून दुसरी दिलेली, 'बसु'ला दुसरा उकार लावलेला आणि कडेला बारीक अक्षरात "क्षमस्व" लिहिलेलं. माझं डोकंच फिरलं. मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते, दुसऱ्यांनी वेडंवाकडं शिवलेलं दिवसभर उसवत असते. माझं कुणी उसवावं याची मला सवय नाही. "कोण हा वेलांटीकाका?" असं मी तिथेच दाराशी मोठ्यानं विचारलं. शेवटच्या बाकावरून एक उंच, जरा वाकलेले, खिशाला लाल पेन अडकवलेले गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"मी, ताई," ते म्हणाले. "राहवलं नाही."

त्या दिवसापासून ते वेलांटीकाका. त्यांनी कधी राग धरला नाही. मीच चार रविवार धरला, मग मलाच कंटाळा आला.

आमचे पाळकसाहेबही त्यांच्या पेनातून सुटले नाहीत. एकदा साहेबांनी उपदेशाचा विषय फळ्यावर लिहिला, "पापाची क्षमा". काकांनी गुपचूप दुसऱ्या 'पा'वर टिंब दिलं. साहेब म्हणाले, "काका, एका टिंबानं असं काय बिघडतं?" काका अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, टिंब नसलं तर एकाच पापाची क्षमा होते. बाकीच्यांचं काय करायचं?" त्या रविवारी साहेबांना सुरुवातीची प्रार्थना धड करता आली नाही, मधेच हसू फुटत होतं.

काका छापखान्यात प्रुफं तपासतात. चौतीस वर्षं तेच काम. छपाईची यंत्रं आणि कागदाचं गोदाम यांच्यामध्ये एक खोली आहे, एवढीशी, की खुर्ची मागे सरकवली तर दार उघडत नाही. तिथे एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि एक लाकडी पट्टी. पट्टी ओळीखाली धरायची, म्हणजे डोळा पुढच्या ओळीवर पळत नाही. लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळांचे निकाल, सगळं त्या पट्टीवरून जातं. काका म्हणतात, आयुष्यात एकही पुस्तक त्यांनी सुखानं वाचलेलं नाही, सगळी संशयानं वाचली आहेत.

ते आमच्याकडे आले तेही असंच. छापखान्यात शुभवर्तमानाची एक छोटी पुस्तिका छापायला आली होती. काका पहिल्या प्रुफाला चुका शोधत गेले. दुसऱ्या प्रुफाला त्या मेंढपाळाच्या गोष्टीपाशी थांबले, ज्याची नव्याण्णव मेंढरं जागेवर असतात आणि तो एकाच्या मागे निघतो. हे त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"ताई, मी म्हटलं, हा तर आपल्याच धंद्यातला! पानावर नव्याण्णव ओळी बरोबर असतात, त्यांचं कौतुक कोण करतं? आपला जीव त्या एका ओळीत. चौतीस वर्षं मला वाटत होतं की असला वेडेपणा फक्त मी करतो."

"मग?"

"मग तिसरं प्रूफ घेतलं. ते काही तपासून झालंच नाही. मालकांना म्हटलं, बरोबर आहे सगळं, छापा. आणि पुढच्या रविवारी तुमच्या शेवटच्या बाकावर येऊन बसलो."

तो बाक दाराला लागून आहे. तिथे सहसा कुणी बसत नाही, कारण वारा येतो. काका बरोबर पाच मिनिटं आधी यायचे, शेवटच्या 'आमेन'ला उठायचे आणि आम्ही कपबशा मांडेपर्यंत निघूनही जायचे. त्यांना पकडून चहाला बसवायला मला पाच महिने लागले. पाळकसाहेब त्यांना बाप्तिस्म्याबद्दल विचारायचे, तर एकच उत्तर, "साहेब, मी अजून कच्चं प्रूफ आहे. आणखी एकदा तपासून घेतो." साहेब मान हलवायचे. त्यांचा स्वभावच सबुरीचा, माझ्यासारखा नाही.

आता सत्तेचाळीस नंबरबद्दल सांगायला हवं. आमच्या गीतपुस्तकातलं हे गाणं सगळ्यांना तोंडपाठ आहे, पुस्तक कुणी उघडतसुद्धा नाही. त्याचं ध्रुवपद असं:

उन्हातान्हात हिंडलो मी, थकलो वाटेवर,
दारोदारी फिरून आलो, प्रभू, तूच धर.

यातल्या 'धर'ला अख्खी मंडळी शेजाऱ्याचा हात धरते. कुणी सुरू केलं माहीत नाही, माझ्या आजीच्या वेळेपासून आहे. भांडलेल्या जावा असोत की एकमेकांशी न बोलणारे भाऊ असोत, 'धर' आलं की हात धरायचा. मी गायन घेते, म्हणजे सगळ्यांकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे मला शेवटचा बाकही दिसतो. काकांच्या शेजारी कुणी नसायचं. 'धर' आलं की ते पुढच्या बाकाची पाठ धरायचे, दोन्ही हातांनी. मला ते दर वेळी दिसायचं आणि दर वेळी वाटायचं की कुणालातरी मागे बसवायला हवं. मग गाणं संपायचं आणि मी विसरून जायचे.

गीतपुस्तकं फार फाटली, तेव्हा नवीन छापायचं ठरलं. काम काकांच्याच छापखान्याकडे गेलं आणि प्रुफं तपासायला अर्थातच काका. काय त्यांचा उत्साह! जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानात यायचे, बटणांच्या डब्यांमध्ये प्रुफं पसरायचे आणि विचारायचे, "ताई, इथे 'तारक' आहे की 'तारका'? आभाळातली की आपला?" दोनशे बारा चुका काढल्या त्यांनी. दोनशे अकरांवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे बारावी सत्तेचाळीस नंबरात होती.

एका रविवारी उपासनेनंतर बैठक होती. काका पहिल्यांदाच शेवटचा बाक सोडून पुढे येऊन उभे राहिले, हातात प्रूफ.

"इथे 'धर' नाही, 'घर' आहे," ते म्हणाले. "तूच घर. जुन्या छपाईत खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, झिजलेली असायची. घच्या डोक्यावरची रेघ जराशी तुटली की तो धसारखा दिसतो, आणि पुढचा माणूस ध समजून ध जुळवतो. पण ओळ बघा ना. दारोदारी फिरून आलेला माणूस काय म्हणेल? तूच घर, असंच म्हणेल!"

त्यांचा आवाज चढला होता, डोळे चमकत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इकडे मात्र एकदम गलका झाला. 'घर' म्हटल्यावर हात कशाला धरायचा? कुणी म्हणालं, माझ्या लग्नात हेच गायलं. कुणी म्हणालं, माझ्या आईला पोचवताना. मलाही राग आला, आणि राग आला की माझी जीभ माझ्या आधी घराबाहेर पडते.

"काका," मी म्हणाले, "पाहुण्यानं घरातलं सामान हलवू नये."

काहीजण हसले. काकांनी प्रुफाची घडी केली, ती खिशात ठेवली, "बरोबर आहे, ताई," म्हणाले आणि चहा न घेता गेले. पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी सत्तेचाळीस नंबर घेतला नाही.

शेवटी सोमवारी दुकान लवकर बंद करून मी त्यांच्या खोलीवर गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह, आणि सगळं इतकं जागच्या जागी की मला माझी पर्स कुठे ठेवावी कळेना. खाटेवर प्रुफं होती. मी खुर्चीत बसले आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच बोलायला लागले.

"तुम्ही चुकीचं बोलला नाहीत, ताई. मी चुकलो. चूक बघायची सोडून मी मला हवं ते बघितलं."

"म्हणजे?"

ते खाटेच्या कडेवर बसले. "लहानपणी मी मामाकडे होतो, मग थोरल्या काकांकडे, मग आत्याकडे. कुणी वाईट वागलं नाही. ताट मिळालं, अंथरूण मिळालं. फक्त पाहुणे आले की मला शेजारी झोपायला पाठवायचे. जागा नसायची, त्यांचा तरी काय दोष? पुढे नोकरी लागली आणि खोल्या भाड्यानं घेत राहिलो. त्या ओळीपाशी पट्टी धरली आणि मला 'घर' दिसलं. इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो, खुर्ची मागे सरकली आणि दार बंद झालं, बाहेरच्या मुलाला वाटलं मला काही झालं. पण प्रूफवाल्याला काही हवं असू नये. कागदावर जे आहे तेच त्यानं बघायचं. मला ते अक्षर माझ्यासाठी हवं होतं."

मी म्हटलं, "मग आता येणारच नाही का?"

"पुस्तक पुरं करून देतो. प्रार्थना इथेही करतो, रोज करतो. देवाचं आणि माझं ठीक आहे, ताई. मंडळीचं आणि माझं काय ते मला कळत नाही."

मला रडू आलं. मी उगाच म्हटलं की स्टोव्हचा वास डोळ्यांत जातो, तर म्हणाले, "पेटवलेला नाहीये, ताई."

तिथून मी थेट आत्याबाईंकडे गेले. आत्याबाई मंडळीत सगळ्यात वडील, चौऱ्याऐंशीच्या. सगळ्यांच्या आत्या, म्हणून आत्याबाई. गुडघ्यांमुळे त्या उपासना संपली की लगेच घरी जातात, बैठकीला नव्हत्या. सत्तेचाळीस नंबर त्यांच्या वडिलांनी लिहिलेला आहे, हे मला माहीत होतं. खरं तर मी गेले होते माझी बाजू सांगायला, की बघा, तुमच्या वडिलांच्या गाण्यासाठी मी कशी भांडले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला घ दिसला?"

"हो."

"कुणी न सांगता?"

"हो, आत्याबाई."

त्या उठल्या, कपाटातून काहीतरी काढून पिशवीत टाकलं आणि चपला शोधायला लागल्या. "चल. किती मजले आहेत?"

तीन मजले चढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर त्या थांबायच्या आणि मला सांगायच्या की दम मला लागलाय. काकांनी दार उघडलं आणि त्यांना बघून ते इतके गोंधळले की खुर्ची पुसायला स्वतःचा रुमाल काढला. आत्याबाई बसल्या. पिशवीतून एक जुनं गीतपुस्तक काढलं, पानं तपकिरी झालेली, आणि सत्तेचाळीस नंबर उघडून त्यांच्या हातात दिलं.

"भिंग आहे ना तुझ्याकडे? बघ."

काकांनी भिंग धरलं. मीही वाकून पाहिलं. 'धर'च्या धवर पेन्सिलीनं काहीतरी गिरवून रबरानं खोडलेलं होतं. खोडलं तरी कागद दबलेला होता. घ होता तो.

"बाबा पाव भाजायचे," आत्याबाई म्हणाल्या. "भट्टीसमोर गाणी जुळवायचे आणि फळीवरच्या पिठात बोटानं लिहायचे. 'तूच घर' हेच लिहिलं होतं त्यांनी. पुस्तक छापून आलं त्या आठवड्यात आई तापानं अंथरुणाला खिळली होती. मी नऊ वर्षांची. आई म्हणाली, वाच बाबांचं गाणं. मी जे छापलं होतं ते वाचलं, तूच धर. बाबा पेन्सिल घेऊनच बसले होते, छापखान्यावर भयंकर चिडलेले. मला ओरडणार, तेवढ्यात आईनं हात पुढे केला. तिला वाटलं, गाण्यातच तसं आहे. मग बाबांनी धरला तिचा हात."

"आणि त्या गेल्या?" मी हळूच विचारलं.

"कुठे जातेय! पुढची तीस वर्षं बाबांना धारेवर धरून जगली. पण बरी झाल्यावर पहिल्याच रविवारी त्या ओळीला तिनं सवयीनं पुन्हा हात पुढे केला. शेजारणीला वाटलं, अशी पद्धतच असेल. तिनं तिच्या शेजारणीचा धरला. झालं. बाबा घरी आले आणि त्यांनी पेन्सिलीचा घ खोडून टाकला."

काका पुस्तकाकडेच बघत होते.

"पंचाहत्तर वर्षं लोक हे गातायत," आत्याबाई म्हणाल्या. "मी वाट बघत होते की कुणीतरी मला येऊन विचारेल, आत्याबाई, दारोदारी फिरणाऱ्याला हवं काय असतं हो? कुणी विचारलं नाही. हिनंही नाही, आणि ही गायन घेते." माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू विचारलंस. बाबांचं गाणं तू नीट वाचलंस रे. त्यांना तू फार आवडला असतास."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग खाटेवरचं प्रूफ घेतलं. त्यावर त्यांनी 'धर' लाल रेघेनं कापून बाजूला 'घर' लिहिलेलं होतं. त्यांनी ते 'घर' कापलं, आणि कापलेल्या 'धर'च्या खाली ठिपके दिले, एकेक जपून. बाजूला लिहिलं, "राहू द्या."

"हे ठिपके कसले?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमची खूण आहे. चुकून खोडलं असेल तर खाली ठिपके द्यायचे आणि कडेला लिहायचं, राहू द्या."

"म्हणजे खोडलेलं परत येतं?"

"येतं, आत्याबाई. मग छापणाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही."

"बरं आहे की हे," त्या म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी काका आले, त्याच शेवटच्या बाकावर बसले. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, जमेल तशी. पाळकसाहेबांनी घराची आणि धराची गोष्ट सांगितली आणि मग सत्तेचाळीस नंबर झाला. चर्चचे बाक दुरुस्त करताना पैशांवरून घासाघीस करणाऱ्या आमच्या सुतारानं आपण होऊन शेवटचा बाक गाठला होता. वारा लागतो म्हणून मफलर गुंडाळून बसला होता तो.

शेवटचं प्रूफ आलं ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. पुस्तकाच्या शेवटी मंडळीतल्या सगळ्यांच्या नावांची यादी असते. यादी मी लिहून दिली होती आणि तीत काकांचं नाव घातलं होतं, त्यांचं खरं, चार अक्षरी नाव. कुणाला विचारलं नव्हतं. चर्चच्या मागच्या खोलीत टेबलावर पानं पसरली होती. पाळकसाहेब, आत्याबाई आणि मी बसलो होतो, काका उभे होते. सगळ्यात वडील म्हणून शेवटची सही आत्याबाईंची.

मी यादीचं पान उलटलं आणि थांबले. काकांनी स्वतःचं नाव लाल रेघेनं कापलेलं होतं. रेघ सरळ, पट्टी लावून मारलेली. कडेला बारीक अक्षरात: "सभासद नाही."

"काका!" मी म्हटलं.

"नियम आहे, ताई. बाप्तिस्मा झालेला नाही. यादीत चूक जाता कामा नये." ते खिडकीकडे बघत होते. "मी अजून..."

"कच्चं प्रूफ," पाळकसाहेब म्हणाले. "ठाऊक आहे."

आत्याबाईंनी पान स्वतःकडे ओढलं. "पेन दे," त्या काकांना म्हणाल्या. काकांनी खिशातलं लाल पेन दिलं, त्यांना वाटलं सहीसाठी. आत्याबाई पानावर इतक्या वाकल्या की नाक टेकायला आलं. कापलेल्या नावाखाली त्यांनी एक ठिपका दिला, मग दुसरा, मग तिसरा. काही वर गेले, काही खाली, एक तर शेजारच्या ओळीतल्या सुताराच्या नावावर पडला. मग कडेला, शाळेतल्या मुलीसारखी जीभ बाहेर काढून, त्यांनी लिहिलं:

"राहु द्या."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. 'राहु'चा उकार पहिला होता. आम्हा दोघांनाही तो दिसला, म्हणजे काकांना तर खोलीच्या पलीकडूनही दिसला असता.

काका वाकले. पेन त्यांनी आत्याबाईंच्या हातातून अलगद घेतलं. टोक कागदापाशी नेलं, त्या उकाराच्या अगदी खाली, आणि तसंच धरून ठेवलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. चौतीस वर्षांत या माणसानं एक उकार सोडलेला नव्हता, माझी खिडकीची सूचनासुद्धा सोडली नव्हती.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "पुस्तक छापून यायला तीन आठवडे लागतील. तोवर माझा बाप्तिस्मा होईल का?"

"होईल," पाळकसाहेब म्हणाले.

"मग बरोबर आहे सगळं," काका म्हणाले. "छापायला द्या."